अंगठा आणि चाक यांच्या मधे

रेसिंग गेम कसा आहे हे स्टेअरिंग-पेडलच्या सेटवर बसल्याशिवाय सांगता येत नाही, असं मुरलेले खेळाडू म्हणतात. गेमपॅडवर खेळणारा त्यांच्या लेखी हौशी. त्याचं मत ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. मला हे पटत नाही. स्टेअरिंग हातात असलं की गेमचे पुष्कळ दोष झाकले जातात, कारण निम्मं काम हात आणि खांदे सवयीनेच उरकतात. गेमपॅडवर दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढंच भांडवल. बाकी सगळं गेमने करायचं असतं, आणि ते त्याने किती इमानदारीने केलंय हे पहिल्या दोन वळणांत उघडं पडतं.

आणि आमच्याकडे निवडीला वाव तरी कुठे आहे? मोरगावात, मुर्टीत, तरडोलीत ज्या घरांत कन्सोल आला तो बहुधा उसाचं बिल जमा झालं म्हणून, नाहीतर पुण्यात नोकरीला लागलेल्या भावाने आणला म्हणून. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आला, तेव्हा डिस्कवाल्या कन्सोलची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यात एक गेमपॅड मिळायचा. दुसरा हवा तर तेव्हा ५,९९० रुपये लागत. बऱ्यापैकी स्टेअरिंग-पेडल घ्यायचं तर त्यावर आणखी वीस-पंचवीस हजार मोजावे लागत. पैसे असले तरी ते बसवायचं कशावर? त्याला जड, न हलणारं टेबल लागतं, पेडल मागे सरकू नये म्हणून पायापलीकडे भिंत लागते. आमच्या टीव्हीसमोर असतो दिवाण, आणि दिवाणावर पाहुणे. चतुर्थीला तर दर्शनाच्या गर्दीने गावात पाय ठेवायला जागा नसते, घरात सतरंजीएवढी मिळाली तरी खूप. गेमपॅड उशीखाली सरकवून देता येतो.

तेव्हा गेमपॅडवर गाडी चालवताना नेमकं काय होतं, ते आधी पाहू.

लॉजिटेकच्या जी२९ सारखं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. गेमपॅडची डावी स्टिक मधल्या जागेपासून एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस अंश कलते. अंगठ्याचं टोक सेंटिमीटरभर सरकतं. म्हणजे स्टेअरिंगचे एका बाजूचे ४५० अंश या एका सेंटिमीटरमध्ये बसवायचे. सरळ हिशेबाने जोडलं तर अंगठा एक मिलिमीटर हलला की स्टेअरिंग ४५ अंश फिरणार. अशी गाडी जेजुरीकडून येणाऱ्या सरळ रस्त्यावरसुद्धा बाभळीत जाईल. त्यातही हा सेंटिमीटर पुरता वापरायला मिळत नाही. स्टिक कधीच बरोबर मधोमध उभी राहत नाही, म्हणून मधला थोडा भाग निकामी धरायचा असतो. त्याला डेडझोन म्हणतात. विंडोजवर गेम बनवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने जे आकडे दिले आहेत त्यांत स्टिकचं माप मधून टोकापर्यंत ३२,७६७ आहे आणि डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ७,८४९. म्हणजे जवळपास २४ टक्के हालचाल आधीच बाद.

उरलेल्या पाऊण सेंटिमीटरमध्ये गाडी चालवता यावी म्हणून गेम मधल्यामधे बरीच कामं करतो. एक, स्टिकच्या पहिल्या भागाला तो मंद करतो: थोडं कललं तर फारच थोडं वळायचं, टोकाजवळ गेलं की एकदम जास्त. दोन, तुम्ही अंगठा झटक्यात टोकाला नेला तरी गाडीची चाकं झटक्यात वळत नाहीत. त्यांच्या वळण्याला वेगमर्यादा असते. तीन, गाडी जितकी जोरात तितकी चाकं कमी वळू द्यायची. ताशी २०० च्या वेगाला स्टिक पूर्ण डावीकडे दाबली तरी पुढची चाकं चार-दोन अंशच वळतील, नाहीतर गाडी गरकन फिरेल. आणि चार, हे सहसा कुणी उघडपणे सांगत नाही, पण मागचा भाग सुटायला लागला की काही गेम स्वतःच थोडं उलटं स्टेअरिंग मारून घेतात.

थोडक्यात, अंगठ्याने तुम्ही चाक वळवत नसता, वळायचंय एवढं कळवत असता. हे कासऱ्यासारखं आहे. कासऱ्याने बैल वळत नाही, त्याला कळतं की इकडे वळायचंय; किती आणि कसं ते तो रान बघून ठरवतो. ज्याला जोडी माहीत आहे तो कासरा खेचत बसत नाही. माझ्या भाच्याने मला पहिल्यांदा 'फोर्झा' हा रेसिंग गेम खेळताना पाहिलं तेव्हा तो हेच बोलला, फक्त त्याने बैल कधी जुंपलेले नाहीत. "मामा, तुम्ही स्टेअरिंग फिरवताय. फिरवू नका, नुसतं टेकवा." टेकवणं हाच या खेळातला खरा शब्द आहे. नवखा माणूस स्टिक टोकापर्यंत ढकलतो, गाडी पुढच्या चाकांवर घासत बाहेर जाते, म्हणून तो आणखी ढकलतो. ढकलायला आणखी काही उरलेलं नसतं.

अंगठा आणि चाक यांच्यातला हा दुभाषी गेममध्ये नेहमी नव्हता. नव्वदीच्या दशकात ज्यांच्याकडे मीडिया किंवा लिटल मास्टरचा व्हिडिओ गेमचा संच होता त्यांना कॅसेटवरचा कोनामीचा 'रोड फायटर' आठवेल. डावं-उजवं बटण, एक बटण बेताच्या वेगाचं आणि दुसरं थेट ताशी ४०० कडे नेणारं. बटण दाबलेलं आहे किंवा नाही, मधे काही नाही. वळण हळू घ्यायचं तर बटण टकटक टकटक मारायचं. 'एक्साइटबाइक'मध्ये टर्बोचं बटण धरून ठेवलं की इंजिन तापून गाडी बाजूला उभी राहायची, म्हणून तिथेही तेच: दाब, सोड, दाब, सोड. त्या पिढीचा अंगठा टकटकीला असा सरावला की पुढे कॉम्प्युटर क्लासमध्ये आणि सायबर कॅफेत 'रोड रॅश' आला तेव्हा बाणांच्या बटणांवरही लोक तेच करत राहिले. आजही चाळिशीच्या आसपासचा खेळाडू ओळखायचा असेल तर त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघा. स्टिक धरून ठेवण्याऐवजी तो तिला टिचक्या मारतो. काही गेममध्ये हे चालूनही जातं, कारण वर सांगितलेली वेगमर्यादा टिचक्यांची सरासरी काढते.

१९९५ मध्ये जपानच्या नामकोने 'नेगकॉन' नावाचा एक विचित्र गेमपॅड काढला होता. त्याचे दोन अर्धे भाग मधल्या सांध्यात पिळता यायचे आणि त्या पिळण्यावर गाडी वळायची. कल्पना इतकी चांगली होती की ती टिकली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्याऐवजी १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ ची स्टिक आली, त्याच वर्षी सेगाच्या सॅटर्नसाठी स्टिक आणि कमीजास्त दाबता येणारे ट्रिगर असलेला गेमपॅड आला, १९९७ मध्ये सोनीचा ड्युअलशॉक आला आणि त्या डिसेंबरात पहिला 'ग्रान तुरिस्मो'. आजच्या गेमपॅडचा आराखडा त्या दोन वर्षांत ठरला. मधे प्लेस्टेशन २ च्या काळात एक आडवळण झालं: त्याच्या गेमपॅडची साधी बटणंही दाब ओळखायची, त्यामुळे २००१ च्या 'ग्रान तुरिस्मो ३' मध्ये रेस द्यायची ती एक्सच्या बटणावर, अंगठ्याने कमीजास्त दाबून. अर्धा दाब धरून ठेवायला गेलं की पाच मिनिटांत अंगठ्याचं पेर दुखायचं.

तर्जनीखालच्या ट्रिगरबद्दल मात्र गेमपॅडला कमीपणा घ्यायचं कारण नाही. बोटात ताकद आणि सवय दोन्ही असतात, आणि मोटरसायकलचा ब्रेक दाबणाऱ्या माणसाला बोटाने ब्रेक दाबणं शिकवावं लागत नाही. एक्सबॉक्स वनच्या गेमपॅडमध्ये २०१३ साली ट्रिगरच्या आतच छोट्या मोटरी बसवल्या. सोबत आलेल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट ५' मध्ये ब्रेक जास्त दाबून चाकं घासायला लागली की डावा ट्रिगर थरथरायचा, रेस जास्त झाली आणि मागची चाकं जागेवर फिरली की उजवा. कुठलं चाक काय करतंय ते कोणत्या बोटाला गुदगुल्या होतायत त्यावरून कळायचं. २०२० च्या ड्युअलसेन्सने त्यापुढे जाऊन ट्रिगरला विरोध करायला शिकवलं. 'ग्रान तुरिस्मो ७' मध्ये लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारून बघा. आधी ट्रिगर मऊ असतो, मग बोटाखाली घट्ट होत जातो, आणि एबीएस सुरू झाला की तो उलटा टकटक करून बोट मागे ढकलतो. अशा वेळी बोट केसभर सैल करायचं. टकटक थांबते, आणि ते थांबणं म्हणजेच ब्रेकची हद्द. वळणात शिरताना बोट हळूहळू उचलत न्यायचं. उचलताना पुढच्या टायरांवरचा ब्रेकचा भार कमी होतो आणि त्यांना वळायला पकड शिल्लक राहते. पेडलवर हे जमायला पायाला दिवस लागतात. बोटाला संध्याकाळ पुरते.

स्टिकला मात्र ताकद नाही. खऱ्या स्टेअरिंगवर आणि चांगल्या गेमिंग स्टेअरिंगवर पुढच्या टायरांची पकड सुटली की हातातलं ओझं हलकं होतं. न बघता कळतं. गेमपॅडच्या स्टिकमध्ये फक्त स्प्रिंग आहे, ती सरळ रस्त्यावर आणि निसटत्या वळणावर सारखीच ढकलते. म्हणून ती बातमी दुसरीकडून यावी लागते. कंपनातून थोडी येते. डोळ्यांना थोडी, गाडीचं नाक कुठे चाललंय त्यावरून. आणि सगळ्यात जास्त कानांना. टायर पकडीच्या कडेवर आला की कण्हतो, हद्द ओलांडली की किंचाळतो. हा आवाज किती नेमका ठेवलाय यावर गेमपॅडवाल्याचं सगळं गणित चालतं. आवाज बंद करून, मागे आई मालिका बघत असताना खेळणाऱ्याला गेमपॅडवर गाडी "बधिर" वाटते ती म्हणूनच. हेडफोन लावा, निम्मी तक्रार जाते.

आता गेमकडे येऊ. गेमपॅड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या गेममध्ये 'फोर्झा होरायझन ५' अजून पुढे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, मेक्सिकोतली वाळू, चिखल आणि महामार्ग घेऊन. एप्रिल २०२५ पासून प्लेस्टेशन ५ वरही आहे. त्यातलं नेहमीचं स्टेअरिंग इतकं समजूतदार आहे की स्टिक डावीकडून उजवीकडे फेकली तरी गाडी शहाण्यासारखी वळते. पहिल्या दिवशी यात आनंद आहे. महिनाभराने कंटाळा येतो, कारण ३०० अश्वशक्तीची आणि ८०० ची गाडी हाताला एकाच स्वभावाच्या लागायला लागतात. तेव्हा स्टेअरिंगचं सेटिंग 'सिम्युलेशन'वर न्यायचं. दुभाषी पुष्कळसा बाजूला होतो, गाडी दोन दिवस तुमची फजिती करते, आणि मग तिचा स्वभाव दिसायला लागतो.

'ग्रान तुरिस्मो ७' सुरुवातीपासूनच अबोल आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या या गेममध्ये अंगठ्याला तेवढे लाड मिळत नाहीत, पण ओझं कळतं: ब्रेक मारला की नाक खाली, रेस दिली की बूड खाली, वळणात मधेच बोट उचललं की मागचा भाग हलका. ज्याला खऱ्या गाडीत मागे सिमेंटची पोती टाकून घाट चढायची सवय आहे त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. ड्युअलसेन्स फिरवून स्टेअरिंग करायची सोयही त्यात आहे. दोन्ही हातांनी गेमपॅड तिरका करायचा, की गाडी वळते. लहान मुलं हे उपजत करतात, मोठ्यांना लाज वाटते. लाज सोडून पाहावं. नेगकॉनचं भूत त्यात थोडंफार जिवंत आहे.

फॉर्म्युला वनच्या गेमने फार वर्षं गेमपॅडवाल्यांना छळलं. कोडमास्टर्सच्या 'एफ१ २०११' मध्ये ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आला म्हणून आपल्याकडे अनेकांनी तो पहिल्यांदा घेतला, आणि मंद वळणातून बाहेर पडताना ट्रिगर दाबला रे दाबला की गाडी फिरायची. 'एफ१ २३' मध्ये कंपनीने खास गेमपॅडसाठी 'प्रिसिजन ड्राइव्ह' नावाची नवी व्यवस्था आणली, तेव्हा कुठे ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून खेळणं माणसाच्या आवाक्यात आलं. उलट उदाहरण २०१५ च्या 'प्रोजेक्ट कार्स'चं. भौतिकशास्त्र उत्तम, गाड्या सुंदर, पण मूळ सेटिंगवर गेमपॅड हातात घेतला की गाडी खांबाला दोरीने बांधल्यासारखी हिसके खायची. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात ते बरंच सुधारलं. बदललं ते अंगठा आणि चाक यांच्या मधलं.

हे मधलं सगळं उघडं करून दाखवणारा गेम म्हणजे इटलीच्या कुनोस सिम्युलाझियोनीचा 'असेटो कोर्सा', २०१४ चा. तो मुळात स्टेअरिंगवाल्यांचा, गेमपॅड त्यात सावत्र. पण त्याच्या कंट्रोलच्या पानावर दुभाष्याची प्रत्येक खोड वेगळी पट्टी म्हणून दिलेली आहे, आणि त्या हलवल्या की हाताला जे वाटतं ते इतर कुठल्याही गेममध्ये शिकायला मिळत नाही. 'गॅमा' वाढवली की स्टिकचा मधला भाग शांत होतो. सरळ रस्त्यावर गाडी डुलायची थांबते, पण वळणात अंगठा टोकाजवळ न्यावा लागतो आणि तिथे सगळं एकदम येतं. 'फिल्टर' वाढवला की अंगठ्याची थरथर गाळली जाते, मात्र गाडी उशिरा ऐकते. मागचा भाग सुटल्यावर उलटं मारलेलं स्टेअरिंग पोचेपर्यंत गाडी गवतात असते. 'स्पीड सेन्सिटिव्हिटी' जास्त ठेवली तर जोरात असताना गाडी जड होते. 'स्टीअर स्पीड' म्हणजे चाकं किती झपाट्याने वळायची. मी एकदा एकच पट्टी, थोडीच, हलवायचा नियम ठेवला आहे, आणि फिल्टर शक्य तितका कमी. थरथर अंगठ्याने सहन करावी; उशीर सहन करू नये.

रॅलीचे गेम गेमपॅडवर अवघड असतील असं वाटतं, प्रत्यक्षात उलट आहे. २०१९ च्या 'डर्ट रॅली २.०' मध्ये खडीवर गाडी कायम थोडी तिरकी असते, दर क्षणाला उलटसुलट स्टेअरिंग लागतं. दोन हातांनी मोठं स्टेअरिंग फिरवणाऱ्याला त्यात दम लागतो. अंगठा डावीकडून उजवीकडे जायला क्षणाचा अंश लागतो. मोरगाव-सुपे रस्ता खडीचा असतानाच्या दिवसांत ज्यांनी त्यावर मोटरसायकल घातली आहे त्यांना ही सतत निसटती चाल अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. 'आयरेसिंग'च्या वाटेला मात्र गेमपॅड घेऊन जाऊ नये. चालतो, पण तिथे तुमच्या चुकीने दुसऱ्याची शर्यत जाते.

या सगळ्या चर्चेत मोटरसायकलच्या गेमना कुणी विचारत नाही. आमच्या भागात तरी विचारायला हवं. इथून तासाभराच्या अंतरावर बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे; आपे रिक्षा तिथली, व्हेस्पा तिथली, आणि २०२३ च्या अखेरीस बाजारात उतरलेली एप्रिलियाची आरएस ४५७ ही तिथेच बनते. त्याच एप्रिलियाला मोटोजीपीतला पहिला विजय ३ एप्रिल २०२२ ला अर्जेंटिनात एलेक्स एस्पारगारोने मिळवून दिला. आणि मोटोजीपीचे अधिकृत गेम बनवते मिलानची माइलस्टोन. या गेममध्ये स्टेअरिंग लावायचा प्रश्नच येत नाही. गेमपॅड हेच मुख्य यंत्र आहे. पुढचा ब्रेक डाव्या ट्रिगरवर, मागचा वेगळ्या बटणावर, रेस उजव्या ट्रिगरवर. जोड ब्रेकची मदत बंद केली की दोन्ही ब्रेक वेगवेगळे सांभाळावे लागतात, जसे वाळूवरून जाताना सांभाळतो. आणि माझ्या मते गेमपॅड इथेच सगळ्यात खरा वाटतो. मोटरसायकल जोरात असताना वळते ती मुख्यतः कलून, गाडीच्या स्टेअरिंगसारखं हँडल फिरवून नाही. स्टिक कलवणं आणि गाडी कलवणं यांत भाषांतर कमी करावं लागतं. एक बाजू कलवून लगेच दुसरी घेताना गाडीला उभं राहून पलीकडे पडायला वेळ लागतो, तो वेळ अंगठ्यालाही थांबून द्यावा लागतो. गाडीच्या गेममध्ये हाच उशीर खोटा असतो, इथे तो गाडीच्या वजनाचा असतो.

आणि हळू चालणाऱ्या गाड्यांचं काय? स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरच्या 'फार्मिंग सिम्युलेटर'मध्ये २०१७ च्या प्लॅटिनम आवृत्तीपासून ऊस आहे. गाळप हंगामात सोमेश्वर साखर कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा बघणाऱ्या पोरांना याचं कौतुक वाटणं साहजिक आहे. ही शर्यत नाही, पण गेमपॅडची खरी मर्यादा कुठे आहे ते याच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. ट्रॉली रिव्हर्स घ्या. ट्रॉली डावीकडे जायला हवी तर ट्रॅक्टरचं हँडल आधी उजवीकडे, मग ती वळायला लागली की हळूहळू तिच्यामागे डावीकडे. खऱ्या ट्रॅक्टरवर हँडल जिथे सोडाल तिथे राहतं. माणूस मागे वळून बघतो, एका हाताने इवलंसं सोडतो, पुन्हा बघतो. स्टिक सोडली की मधे येते. एक तृतीयांश कललेली स्टिक अर्धा मिनिट तशीच धरून ठेवणं अंगठ्याला जमत नाही, तो थकतो आणि ट्रॉली चाकू मिटावा तशी ट्रॅक्टरला येऊन टेकते. गेममध्ये स्टिक सोडल्यावर चाकं किती सावकाश सरळ व्हावीत याचं सेटिंग मिळतं, ते अगदी मंद केलं की निभावतं. दोन ट्रॉल्या मात्र जवळपास कुणालाच रिव्हर्स घेता येत नाहीत, ना गेमपॅडवर ना कारखान्याच्या यार्डात. मागची सोडावीच लागते. शर्यतीच्या गेमला स्टिक धरून ठेवता न येण्याचा हा दोष नडत नाही याचं कारण तिथे बहुतेक वळणं चार-सहा सेकंदांत संपतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. गावात निम्म्याहून जास्त खेळ मोबाइलवरच चालतो: 'अस्फाल्ट', 'ट्रॅफिक रायडर', आणि 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया', ज्यात लोक एसटीच्या लालपरीचा रंग चढवून हॉर्न वाजवत फिरतात. काचेवर अंगठ्याला कडा लागत नाही, म्हणून किती दाबलं ते कळत नाही, म्हणून गेमला बरंचसं स्वतःच चालवावं लागतं. मोबाइलला ब्लूटूथने गेमपॅड जोडला तर फरक पडतो, पण फार नाही. गेममध्ये मुळात सांगण्यासारखं असेल तरच दुभाषी काही सांगणार.

मग आमच्या हवेचा प्रश्न. स्टिकखाली कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा एक छोटा हात असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच. तो झिजतो, त्यात धूळ बसते, आणि कऱ्हेच्या काठी मार्चपासून जूनपर्यंत धुळीला तोटा नाही. मग स्टिक सोडून दिली तरी गाडी डावीकडे ओढते. लोक डेडझोन वाढवून भागवतात; गाडी ओढायची थांबते, पण अंगठ्याकडे असलेला पाऊण सेंटिमीटर आणखी कमी होतो, आणि महिन्याभरात "गेमच बिघडला" असं वाटायला लागतं. नवा गेमपॅड घेणार असाल तर हॉल सेन्सरचा बघा. त्यात घासणारा भाग नसतो, चुंबक आणि सेन्सर यांच्यात हवा असते. तंत्र नवं नाही. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ सालीच ते होतं, आणि इलेक्ट्रिक रिक्षाच्या मुठीतही बहुधा हाच सेन्सर असतो.

टीव्हीवरही संशय घ्या. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते थोडं उशिरा दाखवतो. शंभर मिलिसेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण ताशी २०० ने जाणारी गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. तुम्ही ब्रेक मारता तो गाडी मघाशी होती त्या जागेला. सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू करावा. असंख्य घरांत तो बंद असतो आणि शिव्या गेमपॅडला बसतात.

नवा गेम घेतला की मी एकच कसोटी लावतो. माझदाची एमएक्स-५ जवळपास प्रत्येक गेममध्ये मिळते: हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, फार ताकद नसलेली. सगळ्या मदती बंद करायच्या, तिसऱ्या गिअरचं एखादं लांब वळण शोधायचं, स्टिक दोन तृतीयांश कलवून तशीच धरायची आणि तिला हात लावायचा नाही. आता फक्त उजवं बोट: रेस थोडी सोडली की गाडीने आत यायला हवं, थोडी दिली की बाहेर जायला हवं. अंगठा न हलवता गाडीची वाट बोटाने बदलता आली, तर त्या गेममध्ये टायर आहेत. 'ग्रान तुरिस्मो ७' आणि 'असेटो कोर्सा' यात सहज उतरतात, 'होरायझन ५' सिम्युलेशन स्टेअरिंग लावल्यावर उतरतो. 'अस्फाल्ट'मध्ये मोबाइलवर रेस सोडायचं बटण सहसा नसतंच.